चिमणीला मीठ

“धुरातला पारा चिमणीतून जसाच्या तसा बाहेर चाललाय!” पडद्यावरचा आकडा पाहून मुक्ता ढोबळे ओरडली. वीजकेंद्रात तिने बसवलेली उत्प्रेरकाची जाळी पाहायला दुपारी समिती येणार होती. धुरात क्लोरीन असेल तरच त्या जाळीवर पाऱ्याचं ऑक्सिडीकरण होई आणि पुढच्या पाण्याच्या फवाऱ्यात तो धुतला जाई. आजच्या कोळशात क्लोरीन नावालाही नव्हतं आणि मागवलेलं रसायन अजून वाटेतच होतं.

मिठातही क्लोरीन असतं हे आठवून मुक्ता धावत कॅन्टीनमध्ये गेली. “गिरजाबाई, असेल नसेल तेवढं मीठ द्या!”

“अन् मंग सायबांच्या जेवणाचं काय जी?”

“ते नंतर बघू!”

बॉयलरकडे जाणाऱ्या कोळशावर मिठाची पोती रिकामी झाली. समिती आली तेव्हा आकडा झरझर उतरत होता. अध्यक्षांनी मात्र जांभई दिली आणि जेवण कुठे आहे, एवढंच विचारलं.

वरणाचा पहिला घास घेताच ते थांबले. भाजी चाखून पुन्हा थांबले. गिरजाबाईंनी तोंडाला पदर लावला.

“असं अळणी करायला कोणी सांगितलं?”

“चूक माझी आहे, सर,” मुक्ता कशीबशी म्हणाली.

“चूक कसली?” अध्यक्षांनी तिला हात जोडले. “माझं ब्लडप्रेशर घरीसुद्धा कुणाच्या लक्षात राहत नाही हो! तुमची जाळी सगळ्या युनिटांना बसवा.”

त्यांनी पुन्हा वरण मागितलं. बाकीची समिती माना खाली घालून गिळत राहिली.