जरा बाजूला व्हा

"आजी, जरा बाजूला व्हा. आजोबा, तुम्हीपण."

सकाळपासून श्रीकांत हेच सांगत होता. सिल्वासाच्या कचेरीतला हा कारकून रविवार आला की कॅमेरा गळ्यात अडकवून आसपासची खेडी पालथी घालायचा. आज दुधनीत त्याच्याच कचेरीतल्या शिपायाचं, नथूचं लग्न होतं. नवरा-नवरी झकास, पण नथूचे आईबाप, झुंबर आणि भिमाबाई, सारखे मधे मधे. म्हातारीनं तर अंगभर हळदही चोपडून घेतलेली. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नव्हे! दोघांना चुकवत चुकवत श्रीकांतनं रोल संपवत आणला. एक फोटो तेवढा मागे ठेवला. धरणाच्या पाण्यावर सूर्य टेकला की होडीचा काढायचा, मुंबईच्या स्पर्धेसाठी.

लग्न लावणाऱ्या धवलेरीनं गाणं धरलं आणि नथूचं लग्न लागलं. श्रीकांत पाण्याकडे निघाला, तर मागे पुन्हा गाणं सुरू. वळून पाहतो तो झुंबर आणि भिमाबाईच्या डोक्याला बाशिंगं!

"नथू, हे काय रे?"

"आईबाचं लगीन, साहेब," नथू म्हणाला. "त्यांनी संसार मांडला तवा गावजेवणाला घरात भात नव्हता. राहून गेलं. आता एकाच मांडवात उरकतो. आमच्यात चालतं."

श्रीकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर त्यानं नवरीलाच हाकललं होतं. भिमाबाई मात्र बोळक्या तोंडानं हसत होती.

"आता तरी काढशील का रं, भाऊ?"

पाण्यावर सूर्य टेकला होता. होडीही नेमकी तेव्हाच आली, अगदी हवी तिथे. श्रीकांतनं तिच्याकडे एकदा पाहिलं, मग स्वतःशीच हसला. स्पर्धा काय, दरवर्षी असते.

त्यानं नव्या जोडप्याला खाटेवर बसवलं. दोघांच्या मधून बैल जाईल एवढी जागा. लेकी, सुना, नातवंडं सगळी भोवती गोळा झाली.

"आजी, जरा जवळ सरका."

भिमाबाईनं पदर तोंडाला लावला. मान काही वर होईना.

"नाय बा," ती म्हणाली. "आजच तं लगीन झालं."

मांडव हसून लोळायला लागला. तेवढ्यात झुंबरच हळूच सरकला, आणि श्रीकांतनं बटण दाबलं.