संध्याकाळचे आकडे

हे तापीवरच्या धरणाच्या कामावर, मी बाळाला घेऊन धुळ्यात. वायरलेसवर घरचं बोलायची मनाई. म्हणून संध्याकाळी मी धरणाच्या इथल्या ऑफिसात नुसती ऐकत बसायची. हे तिकडून सिमेंट, सळई, पाण्याची पातळी सांगत. मी आवाजावरून तब्येतीचा अंदाज घ्यायची आणि बाळ मांडीवर झोपून जायचं. हे रागावतील म्हणून ऑपरेटर वनाभाऊंना मीच बजावलं होतं, यांना सांगू नका.

काल गेले तर वायरलेसवर कापड टाकलेलं.

“वैनी, आजपासून आकडे कॉम्प्युटरवर येतील. साहेबांनीच मागे लागून आणवला.”

“का हो?”

“म्हणाले, रोज ओरडून घसा बसतो. अन् तिकडं वनाशिवाय ऐकायला असतं तरी कोण?”