एकदम सेफ

उलव्याच्या दिनानाथकाकांचा नवाकोरा मिक्सर काकूंना शॉक द्यायला लागला. कंपनी दाद देईना, म्हणून काकांनी ग्राहक आयोगात तक्रार ठोकली. सुनावणी उद्यावर आली आणि कंपनीचे साहेब दुसरा मिक्सर घेऊन दारात उभे! बूट बाहेर काढून, काकूंच्या पाया पडून ओट्यापर्यंत पोचले. “काका, तेच मॉडेल, एकदम सेफ! फक्त तक्रार मागे घ्या.” जावईसुद्धा दिवाळसणाला इतकं गोड बोलला नव्हता; काकांच्या मनात पाल चुकचुकली. “घेतो की. आधी तुमच्या हातची चटणी होऊ द्या.” काकूंनी भांड्यात खोबरं घातलं. साहेबांचं बोट बटणापर्यंत गेलं नि थबकलं. “एक मिनिट हं.” साहेब दारापाशी गेले आणि रबरी तळाचे बूट चढवून परतले. “अहो, ओट्याशी बूट?” काकू किंचाळल्या. “असू दे,” काका म्हणाले. “उद्या आयोगातही हेच घालून या, साहेब.”