एकतीस बळी

"पहिला बळी मॅचनंतर वीस दिवसांनी," स्वरदा फोनवर म्हणाली. "मध्ये एकही मॅच नाही. मग ही विकेट काढली कुठे यानं?"

"दुसऱ्या कुठल्या गावात," नचिकेत म्हणाला. तिचा हा मित्र तिकडे शहरात, मॉसन लेक्सला राहायचा आणि क्रिकेटचा प्रश्न आला की हातातलं काम बाजूला ठेवायचा. "गावठी मॅचा पेपरात येत नसतात."

टेबलावर रेव्हरंड एडविन हार्कोटची वही होती, १८८९ सालची. नगरकडच्या मिशनमध्ये दहा वर्षं काढून हा पाद्री वॉरनूला नावाच्या या ऑस्ट्रेलियन गावात आला. खाजगी टिपणं मात्र मराठीतच लिहीत राहिला. वही गावच्या म्युझियममध्ये तशीच पडून होती, कारण वाचणारं कुणी नव्हतं. मग पुण्याहून स्टॅटिस्टिक्स शिकायला आलेली स्वरदा तिथे सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर लागली.

क्रिकेट क्लबच्या नव्या पॅव्हिलियनला हार्कोटचं नाव द्यायचं ठरलं. पितळी पाटीवर काय लिहायचं, ते स्वरदाच्या भाषांतरावरून. शनिवारचं अनावरण नीट पार पडलं की तुझी नोकरी पक्की, असं म्युझियमच्या प्रमुख शेरिलनं सांगितलं होतं.

आकडे मात्र जुळत नव्हते. पेपरातल्या धावफलकांत हार्कोट फलंदाज होता, त्यानं एक षटकही टाकलेलं दिसत नव्हतं. वहीत मात्र 'आज दोन बळी', 'आज तीन बळी', आणि खाली नावं. कधी सोमवारी, कधी बुधवारी, एकदा तर रविवारी.

"पाद्री रविवारी खेळेल?"

"प्रार्थना आटपून आला असेल."

"यादीत मेरी कोल आहे. बाई."

"लेडीज मॅच. तेव्हाही व्हायच्या."

"मी ग्राफ काढला, नचि. हळूहळू चढतो, तिसऱ्या आठवड्यात टोक, मग उतरतो. खेळाचा ग्राफ इतका गुळगुळीत नसतो."

"त्याला फॉर्म म्हणतात. ग्राफ काढून क्रिकेट कळत असतं तर तुला टीममध्ये घेतली असती. पहिलं पान परत वाच."

तिनं वाचलं. "'डाक्तरांनी सामना भरवू नका म्हणून बजाविले. मी ऐकिले नाही. चहाच्या सुटीत सर्वांना आमच्याच टाकीचे पाणी प्यावयास दिले.'"

"बघ. स्वतः आजारी असणार, तरी उतरला. वर सगळ्यांना पाणी पाजलं. मोठा माणूस होता, मेट."

शेवटच्या पानावर होतं, 'एकूण एकतीस बळी. सर्व माझे. यापुढे बॅट हाती धरणे नाही.'

"रेकॉर्ड केलं आणि रिटायर झाला," नचिकेत म्हणाला. "तू उगाच डोकं पिकवतेयस."

स्वरदाला ते पटलं नाही. पण दुसरं काही सुचलंही नाही. पुण्याला घरी सकाळी पेपर आला की ती आधी शेवटचं, खेळाचं पान उघडायची, त्या पानाची भाषा तिला पाठ होती. तिनं शेरिलला ईमेल केला आणि पाटी कोरायला गेली: एका मोसमात एकतीस विकेट.

शनिवारी दुपारी, इथल्या बोलीत आर्वोला, मैदानावर निम्मं गाव लोटलं. सॉसेजचा वास, उन्हाच्या टोप्या, पाटीवर हिरवा पडदा. शेरिल एक जाडजूड रजिस्टर घेऊन आली.

"चर्चमधून मागून आणलं," ती म्हणाली. "त्याच वर्षीचं, हार्कोटच्याच हातचं. दफनांची नोंद. लोकांना त्याचं अक्षर बघायला मिळेल. शेवटच्या रकान्यात त्यानं कसली तरी खूण केलीय. इथे कुणालाच कधी कळली नाही. तुला लागते का बघ."

स्वरदानं पान उलटलं. मेरी कोल, वय चोवीस. तिच्या वर टॉम कोल. तारखा तिच्या ग्राफवरच्या होत्या. ती बोटानं मोजत खाली आली. एकतीस.

"स्वरदा," मागून शेरिल हाक मारत होती, "चल ना, पडदा तूच ओढायचा."

शेवटच्या रकान्याला 'मृत्यूचं कारण' असं शीर्षक होतं. तिथे एकतीस वेळा इंग्रजीत टायफॉइड लिहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते खोडून शेजारी देवनागरीत एकच अक्षर: मी.