वरचा वारा

उफणायच्या उंच तीनपायी तिव्यावर उभं राहून राहून रुख्माबाईचे पाय भरून आले, पण टोपलीतलं कुटार काही उडेना. चण्याचे दाणे आणि भुसा, दोन्ही सरळ तिच्या पायाशी. अल्लीपुरात साऱ्यांची उफणणी आटोपली होती. हिचाच ढीग तेवढा उघड्यावर होता, आणि पश्चिमेला रोज ढग जमू लागले होते. एक सर आली की चणा काळा पडलाच म्हणून समजा.

"मेला, आजबी निजला," तिनं वाऱ्याला शिवी हासडली.

तेवढ्यात शेजारच्या पडीक वावरातून वझेंनी फुगा सोडला. ते हवामान खात्याचे. एकोणऐंशी सालच्या त्या उन्हाळ्यात रोज सकाळी फुगा सोडायचा आणि दुर्बिणीला डोळा लावून तो कुठं वाहतो ते टिपायचं, हेच त्यांचं काम. फुगा सरळ वर चढला आणि झाडांच्या बराच वर पोचल्यावर कुणी हिसका दिल्यासारखा पूर्वेकडे पळत सुटला.

रुख्माबाई टोपली टाकून धावली. "साहेब, वरते तं वारा हाये! मंग खाली काऊन नाई?"

वझेंनी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. "धक्का लावू नका मावशी, फुगा हरवेल. रात्री जमीन थंडावते, खालची हवा बसते. वरचा वारा धावतच राहतो. ऊन तापलं, हवा ढवळली, की तो खाली येतो. पुढे पाऊस आणतात तेही हेच वारे."

"खरंच येते?"

"पुस्तकात तरी तसंच आहे."

फुगा दिसेनासा झाला तसे ते स्वतःच खळ्याकडे आले. पुस्तकातलं त्यांनाही एकदा बघायचं होतं.

"चप्पल भाईर," रुख्माबाईनं दटावलं. धान्याच्या खळ्यात चपला घालून कुणी येत नसे. वझे तापत्या मातीवर अनवाणी उभे राहिले. दोघंही माना वर करून बघत होती. चण्याची काळजी होतीच, पण रुख्माबाईला आता त्या वरच्या वाऱ्याचंही भारी कुतूहल वाटू लागलं होतं.

ऊन चढलं. आधी बाभळीचा शेंडा हलला. मग मधली फांदी. मग वझेंच्या सदऱ्याची बाही, आणि मग रुख्माबाईचा पदर.

ती लगबगीनं तिव्यावर चढली आणि टोपली तिरपी केली. दाणे खाली पडले. कुटार फुगा गेला त्याच वाटेनं उडालं.

"अगं माय," ती म्हणाली, "इतक्या वरून उतरा लागते बिचाऱ्याले, अन् मी रोज त्याले शिव्या देऊन राह्यलती!"