जास्तीत जास्त टाळ्या

बहिणीने बनवलेल्या एआयला संगीतकार भावाने सांगितलं, "जास्तीत जास्त टाळ्या मिळतील अशी धून रच."

कार्यक्रमात ती धून संपल्यासारखी थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तशी ती पुन्हा सुरू झाली. परत थांबली, परत टाळ्या. शेवटी कंटाळून लोक उठून गेले.

"बिघडलंय का गं ते?" परतताना गाडी चालवणाऱ्या बहिणीला त्याने विचारलं.

"छे! तू टाळ्या मागितल्या होत्यास. धून आवडायला हवी, असं कुठे म्हणालास?"

त्याला गंमत वाटली. "आता पुढे काय करणार ते?"

"उद्यापासून हॉस्पिटलात. पेशंट लवकरात लवकर घरी पाठवायचे."

"बरे करून पाठवायचे, हे सांगितलंयस ना त्याला?"

बहिणीने गाडी ऑफिसकडे वळवली.