अण्णांची देखरेख

पहिला रॉड वीरेशनं हेल्मेटवर झेलला. दुसऱ्यानं त्याच्या उजव्या हाताचं हाड मोडलं आणि तो बँकेच्या पार्किंगमध्येच कोसळला. तोंड बांधलेल्या गड्यानं त्याच्या मानेवर पाय दिला.

"गुळाच्या पेढीच्या खात्यात काळा पैसा दिसतोय व्हय रं तुला? परत बोललास तर जीभ न्हाय ऱ्हायची."

दवाखान्याचं बिल बँकेचे अध्यक्ष भूपालअण्णांनी भरलं. "चोरटं लई माजल्यात," म्हणत त्यांनी वीरेशला स्वतःच्या हातानं शहाळं पाजलं.

पंधरवड्यानं बँकेच्या तपासणीला अंजना मॅडम आल्या. काळ्या पैशावर इथं वरून नजर कोण ठेवतं, असं त्यांनी विचारलं.

"मी स्वतः," अण्णा खुर्चीत ताठ होत म्हणाले. "कुठल्या खात्याचा संशय आला की ह्यो वीरेश फक्त माझ्या कानावर घालतो. तिसऱ्याला पत्ता लागत न्हाय."

"आणि मग किती दिवसांत हालचाल होते?"

वीरेशनं प्लास्टरमधला हात उचलून टेबलावर ठेवला.



"दिवस कुठले, मॅडम. दुपारी अण्णांना सांगितलं, संध्याकाळी हे झालं."